गॅस ठेवा, इंडक्शन आणा, पण आधी वायरमनला बोलवा

पत्र :

ताई, नमस्कार. गिरगावात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही पाच जण राहतो. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. सकाळचे डबे मी करते, बाकी स्वयंपाकघर अजून त्यांच्याच हातात आहे. गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही. नशीब, मी त्याच वेळी कामावरून आले आणि मला जिन्यातच वास आला. त्याआधी एकदा रिकामा टोप तासभर गॅसवर राहिला होता. आमच्या ह्यांनी आता ठरवूनच टाकलंय : गॅसचं कनेक्शन परत करायचं, ओटा कापायचा आणि दोन शेगड्यांचं इंडक्शन बसवायचं. सासूबाई तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. म्हणतात, "विस्तव नाही त्या घरात मी भाकरी कशावर शेकू? दसऱ्याला हळदकुंकू काय काचेला लावू?" सासऱ्यांना पेसमेकर बसवलेला आहे. आमचं लाइट बिल महिन्याला १८० युनिटांच्या आसपास येतं, सिलिंडर महिनाभर पुरतो. काय करावं?
– एक सून, गिरगाव

उत्तर :

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी त्या दुधापाशी थांबले. सासूबाई घरातच होत्या, गॅस सुटत होता आणि त्यांना कळलं नाही. तुम्ही सगळे याला विसरभोळेपणा म्हणताय. मला वाटतं, त्यांना वास आलाच नसेल. वयाबरोबर नजर मंदावते तसं नाकही मंदावतं, पण डोळे आपण तपासून घेतो आणि नाकाकडे कुणी बघत नाही. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो इशाराच ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांनी एकटीनं गॅस वापरणं धोक्याचं आहे, मग स्मरणशक्ती कितीही तल्लख असो. आज संध्याकाळीच त्यांना डोळे मिटायला सांगा आणि वीतभर अंतरावर हिंगाची डबी धरा. ओळखता आलं नाही, तर निदान "तुम्ही विसरता" हे त्यांना पुन्हा ऐकवू नका. त्या शब्दानं म्हातारं माणूस फार दुखावतं.

रिकाम्या टोपाची गोष्ट मात्र विसरण्याचीच आहे. ती डॉक्टरांच्या कानावर घाला. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलेलं असलं तरी माणूस विसरायला लागतं, आणि दोन्हींवर औषध आहे.

इंडक्शन येईल तेव्हा येईल, काही गोष्टी आजपासूनच करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. सुटला की वर जात नाही, फरशीलगत पसरतो आणि कोपऱ्यात साचतो. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करायचा आणि दारं-खिडक्या उघडायच्या. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, पंख्याच्याही नाही. ना चालू करायचं, ना बंद. मग जिन्यात जाऊन तिथून १९०६ वर फोन करायचा, तो एलपीजी गळतीचा आपत्कालीन नंबर आहे. हे सासऱ्यांनाही पाठ करून द्या. नारिंगी नळीला पाच वर्षं झाली असतील तर ती बदला. दुपारी आणि रात्री स्वयंपाक आटोपला की रेग्युलेटर बंद. गळती झाली की वाजणारी छोटी यंत्रं मिळतात. एलपीजीसाठीचं यंत्र खाली, जमिनीजवळ लावायचं असतं. ज्योत विझली की आपोआप गॅस तोडणाऱ्या शेगड्याही मिळतात. तुमच्या दुधाच्या प्रसंगात ती उपयोगी पडली असती, रिकाम्या टोपाच्या प्रसंगात नाही, कारण तेव्हा ज्योत नीट चालू होती.

आता तुमचा मुख्य प्रश्न. इंडक्शन जरूर आणा. सासूबाई घरात एकट्या असतील किंवा फक्त सासरे सोबत असतील, तेव्हा त्यांनी तेच वापरावं. गॅस मात्र काढू नका. तुम्ही किंवा तुमचे हे घरी असाल तेव्हा रेग्युलेटर उघडायचा, भाकरी शेकायची, वांगं भाजायचं आणि बंद करायचा. ओटा कापायला तर इतक्यात मुळीच जाऊ नका. आधी दोन-तीन हजारांचं एका शेगडीचं, ओट्यावर ठेवायचं इंडक्शन घ्या. सहा महिने त्यावर हात बसू दे, मग बघू.

पण त्याच्याही आधी वायरमन. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या घरी नेमकं इथेच चुकलं होतं. पहिलं इंडक्शन घेतलं तेव्हा दुकानातून आलेल्या माणसानं त्याचा जाड पिनांचा प्लग एका कन्व्हर्टरमध्ये खुपसला, तो कन्व्हर्टर मिक्सरच्या साध्या बोर्डात लावला, पाणी उकळून दाखवलं आणि तो गेला. दहा-बारा दिवस छान चाललं. मग एका श्रावणी सोमवारी वरण उकळत होतं आणि मला मासळीचा वास यायला लागला. श्रावणात घरात मासळी येण्याचा प्रश्नच नव्हता. मी आधी खिडकी लावून घेतली, वाटलं शेजारून येत असेल. वास वाढतच गेला. शेवटी बोर्डाकडे बघितलं तर सॉकेटचं पांढरं प्लॅस्टिक एका भोकाभोवती तपकिरी होऊन फुगलं होतं. बोर्डात वापरतात ती काही प्लॅस्टिकं तापून करपायला लागली की असा मासळीचा वास येतो. स्वयंपाकघरात कधी कारण नसताना मासळीचा वास आला, तर आधी मेन स्विच बंद करा, मग शोधाशोध.

झालं काय होतं, ते साधं आहे. २००० वॉटचं इंडक्शन पूर्ण जोरात चाललं की जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतं. मिक्सर-मोबाइलचा बोर्ड सहा अँपिअरचा. गीझर त्या बोर्डावर आपण कधी लावत नाही, मग इंडक्शन तरी का लावायचं? त्याला १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट हवं, त्याला स्वतःचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच, हवा आणि तिथवर तांब्याची स्वतंत्र वायर हवी, निदान अडीच चौरस मिलिमीटरची. पुढेमागे मोठी शेगडी बसवायचा विचार असेल तर आत्ताच चारची टाकून घ्या, भिंत दोनदा फोडायला नको. गिरगावातल्या जुन्या घरांमधून लाकडी पट्ट्यांत ठोकलेल्या वायरी मी पाहिल्या आहेत. त्यांचं वरचं रबर हात लावला तरी भुगा होऊन पडतं, आणि अर्थिंग तर कित्येक ठिकाणी नुसतं नावाला. म्हणून परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून बोर्डापर्यंतची सगळी वायर तपासून घ्या, अर्थिंग मोजून घ्या आणि शॉक लागला तर क्षणात वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो वायरमनला दाखवा. गीझर आणि इंडक्शन सकाळी एकदम चालणार असेल आणि भार पुरत नसेल, तर तुमच्याकडे वीज पुरवणाऱ्या बेस्टकडे अर्ज करून तो वाढवून मिळतो. तुमच्या ह्यांच्या मनातलं दोन शेगड्यांचं यंत्र दोन्हीकडून जोरात चाललं तर साडेतीन हजार वॉटच्या घरात जातं. आजच्या तुमच्या वायरिंगवर ते बसवणं म्हणजे एक धोका घालवून दुसरा घरात आणणं.

बिलाचं थोडक्यात सांगते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. शेगडीची ज्योत भांड्याच्या बाजूनं वाया जाते, म्हणून भांड्यात जाते ती शंभर-एकशेपाच युनिटांएवढी. इंडक्शनमध्ये भांड्याचं बूडच तापतं, वाया कमी जातं, तरी तेवढ्याच स्वयंपाकाला सव्वाशे युनिटं धरा. गॅस पूर्ण काढलात तर तुमचं मीटर १८० वरून ३०० च्या वर जाईल आणि वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा चढा दर लागेल. निम्मा स्वयंपाक इंडक्शनवर केलात तर अडीचशेच्या आत राहाल आणि सिलिंडर दोन महिने पुरेल. तुमच्या बिलावर १०१ ते ३०० च्या टप्प्याचा दर आणि इतर आकार बघा, सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहा. फार मोठी बचत होईल असं मी सांगणार नाही. तिसऱ्या मजल्यावर लाकडी जिन्यानं सिलिंडर चढवायच्या खेपा निम्म्या होतील, हेही काही थोडं नाही. आणि मुंबईत वीज जात नाही म्हणतो आपण, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळं शहर बंद पडलं होतं, लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या. अशा दिवशी चहा गॅसवरच होतो.

भांड्यांची परीक्षा सासूबाईंनाच करू द्या. फ्रिजवरचं चुंबक त्यांच्या हातात द्या आणि मांडणीवरचं एकेक भांडं पालथं घालून बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल, सरकलं तर नाही. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून फार वेगानं उलटसुलट होणारी वीज जाते, चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यानं वरचं लोखंडी बूडच तापतं. म्हणून हिंडालियम, पितळ, तांबं यांवर काही होत नाही. स्टीलमध्येही फरक असतो, चांगल्या चकचकीत टोपालासुद्धा कधी चुंबक लागत नाही. तुमचा जुना हिंडालियमचा कुकर बाद होणार, इंडक्शनवर चालणारा नवा घ्यावा लागेल. न चालणाऱ्या भांड्याखाली ठेवायची लोखंडी तबकडी मिळते, ती घेऊ नका. भांड्यापेक्षा तबकडीच जास्त तापते आणि काच धोक्यात येते.

सासूबाईंचा बिडाचा तवा असेल आणि त्याचं बूड सपाट असेल, तर त्यांना सांगा की तो इंडक्शनवर उत्तम चालतो. घावन, आंबोळ्या सुरेख सुटतात. फक्त तवा मंद आचेवर हळूहळू तापवायचा आणि काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. घडीच्या पोळ्यांचीही काळजी नको, त्या आपण पूर्ण तव्यावरच भाजतो, ज्योत लागते ती फुलक्याला. भाकरीचं मात्र मी खोटं सांगणार नाही. तव्यावर फडक्यानं दाबून ती फुगते, पोटभरीची होते, पण विस्तवावर शेकलेल्या भाकरीचा पापुद्रा आणि तो खरपूस वास येत नाही. भरताचं वांगं, पापड, वाटणासाठी अख्खं भाजायचं सुकं खोबरं आणि कांदा, हे सगळं गॅसचंच काम. सासूबाईंचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर आहे आणि तसं त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे.

फोडणीला सुरुवातीला सगळ्यांचीच फजिती होते. फोडणीचं छोटं लोखंडी कढलं इंडक्शनवर ठेवलं तर यंत्र नुसतं टीं-टीं करतं. बूड दहा-बारा सेंटिमीटरहून लहान असलं की बहुतेक यंत्रांना वर भांडं आहे हे कळतच नाही. मी रुंद बुडाचा एक छोटा टोप फोडणीसाठीच ठेवला आहे. तेल घालून मधल्या आचेवर ठेवायचं. गॅसवर तेल तापेपर्यंत आपण कोथिंबीर चिरून घेतो, इथे तेवढा वेळ मिळत नाही, पातळ बुडात तेल अर्ध्या मिनिटात तापतं. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आधी हाताशी घेऊन बसायचं. मोहरी तडतडायला लागली की यंत्र बंद करून टाकायचं आणि उरलेल्या तापावर हिंग-हळद घालायची. नाहीतर हळद काळी पडते आणि वरण कडू होतं.

आणखी एक. लाडवासाठी बेसन किंवा रवा भाजायचा झाला तर गॅसच घ्या. स्वस्त यंत्रं मंद आच म्हणजे काही सेकंद पूर्ण जोरात आणि काही सेकंद बंद, अशी देतात. वेटोळंही लहान असतं, त्यामुळे मधलं बेसन करपतं आणि कडेचं कच्चं राहतं. जाड बुडाच्या भांड्यात सतत हलवत राहिलं तर जमतं, पण किलोभर बेसनाला खांदे भरून येतात.

यंत्र निवडताना सासूबाईंना दुकानात घेऊन जा. नुसत्या काचेवर बोट टेकवायचं टच पॅनल ओल्या किंवा पिठाच्या हाताला दाद देत नाही आणि माणूस भांबावतं. दाबल्यावर टक् करून कळणारी बटणं किंवा फिरवायची कळ असलेलं घ्या. आयएसआयची खूण बघा आणि टायमर हवाच. दूध ठेवलं, सात मिनिटं लावली, की त्या देवघरात जाऊन बसल्या तरी यंत्र वेळेवर बंद होतं. भांडं उचललं की तापवणं थांबतं, रिकामं भांडं फार तापलं की चांगलं यंत्र स्वतःच बंद होतं. दूध उतू गेलं तर फार तर काच पुसावी लागेल. बटणांवर इंग्रजी शब्द असतात, त्यांच्याखाली मराठीत चिठ्ठ्या चिकटवा : चहा, दूध, कुकर. पहिले आठ-दहा दिवस त्यांनी फक्त चहा आणि दूध त्यावर करावं, कुकर नंतर. भांडं उचलल्यावरही काच काही वेळ गरम असते, हे त्यांना आणि घरातल्या सगळ्यांनाच दाखवून द्या. वापरून झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. रात्री यंत्र पुसून उंचावर ठेवा, उबेला झुरळं पंख्याच्या जाळीतून आत शिरतात.

सासऱ्यांच्या पेसमेकरसाठी सर्वसाधारण सल्ला असा की चालू इंडक्शनपासून दोन फूट लांब राहावं. तुमच्या खोल्या लहान असणार, म्हणून यंत्र कुठे ठेवणार आहात ते सांगून हृदयाच्या डॉक्टरांना विचाराच, आणि चहा सासऱ्यांनी करायचा असेल तर तो गॅसवर, तुम्ही घरी असताना.

सासूबाईंना आवडेल अशीही एक गोष्ट आहे. वैशाखात गिरगावच्या स्वयंपाकघरात गॅसपाशी उभं राहायचं म्हणजे काय, ते मला सांगायला नको. ज्योत फडफडते म्हणून पंखा बंद, पदर ओला होईस्तोवर घाम. इंडक्शनला वाऱ्याचं काही नसतं. पहिल्या दिवशी त्यांच्या डोक्यावरचा पंखा चालू करा आणि त्याखाली त्यांना पोळ्या करू द्या. माझ्या आईनं चाळीस वर्षं पंख्याविना पोळ्या लाटल्या. ज्या दिवशी तिनं माझ्याकडे वारा खात पोळ्या केल्या, त्या दिवशी तिनं इंडक्शनला नावं ठेवायचं थांबवलं.

तुमच्या ह्यांनाही माझा निरोप द्या. ते घाबरले आहेत, हे मला पत्रातून कळतंय. आईला काही झालं असतं तर, या भीतीनं त्यांनी एका दमात सगळं ठरवलं. पण ज्या ओट्यावर आईनं त्यांना वाढवलं, तो कापायचा निर्णय आईला न विचारता झाला, आणि तिचं न बोलणं त्याबद्दल आहे, काचेबद्दल नाही. त्यांनी आईजवळ बसावं, "वास येत नव्हता हे मला कळलं नाही, आई" एवढं म्हणावं. वायरमनला त्यांनीच आणावं, इंडक्शनवरचा पहिला चहा त्यांनीच करून आईच्या हातात द्यावा. दसऱ्याला हळदकुंकू गॅसला लावायचंच आहे, तो जागचा हलत नाही. इंडक्शनला लावावंसं वाटलं तर यंत्र बंद आणि थंड असताना काचेला बोट लावायला काहीच हरकत नाही, ओल्या फडक्यानं पुसलं जातं.

गणपती जवळ आलेत, म्हणून शेवटचं. तुमचं मोदकपात्र बहुधा हिंडालियमचं किंवा पितळेचं असणार, ते इंडक्शनवर चालणार नाही. यंदाचे उकडीचे मोदक गॅसवरच होऊ देत, त्या दिवशी तुम्ही घरी असालच. चाचणी करायचीच असेल तर आधी एखाद्या रविवारी करा : चुंबक चिकटणाऱ्या स्टीलच्या रुंद टोपात दोन-तीन बोटं पाणी, वर चाळण, चाळणीला ओलं फडकं, त्यावर चार मोदक आणि घट्ट झाकण. पाणी जोरात उकळलं की आच मधली करायची आणि दहा-बारा मिनिटं ठेवायचं. टोपातलं पाणी आटू द्यायचं नाही, ते तेवढं बघा.